डिक्शनरी आप्पा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत इंग्रजीशिवाय आता पान हलत नाही. द्राक्षवाला थिनिंग आणि डिपिंग उरकून रेसिड्यूच्या रिपोर्टची वाट बघत असतो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव क्रेटवर बोलला जातो. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र झाल्यापासून तर शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा उसात काही हललं की म्हणते, "आरं, रेस्क्यूवाल्यांना फोन लाव."

पण हे इंग्रजी आप्पा जमेस धरत नाहीत. जो शब्द ऐकल्याबरोबर समोरच्याला कळला, त्यात त्यांना राम वाटत नाही. "हा चालू माल झाला," असं म्हणून ते नेहरू शर्टाच्या खिशातून वही काढतात. आप्पांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे. गाव त्यांना डिक्शनरी आप्पा म्हणतं. असा एकेक आप्पा ओतूरपासून घोडेगावपर्यंत गावोगाव आहे. कुठं तो निवृत्त मास्तर असतो, कुठं सोसायटीचा माजी सेक्रेटरी. आमचे आप्पा कुकडीच्या कालव्यांवर नोकरीला होते.

त्या वहीविषयी आधी सांगितलं पाहिजे. तिच्यात तीन रकाने आहेत. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी अर्थ. इथवर कोणीही करेल. तिसऱ्या रकान्याचं शीर्षक आहे 'कोणास'. म्हणजे हा शब्द कोणाला म्हणायचा, याची तजवीज. 'ऑब्स्टिनेट, हट्टी', आणि पुढे 'धाकटे मेहुणे'. 'इन्सॉल्व्हंट, दिवाळखोर', पुढे सोसायटीच्या थकबाकीदारांची यादी, कंसात रकमा. 'मेंडेशस, खोटारडा' याच्यासमोर जागा पुरली नाही म्हणून वेगळा कागद चिकटवलाय. 'टॅसिटर्न' म्हणजे अबोल. त्याच्यासमोरचा रकाना कित्येक वर्षं रिकामा होता, कारण तसा माणूस आमच्या गावात निघालाच नाही.

हे वेड लागलं कसं, ते आप्पा स्वतःच रंगवून सांगतात. नोकरीत नवीन असताना एकदा कालव्याचा भराव खचला. आप्पांनी त्याचा चार पानी अहवाल इंग्रजीत लिहिला. वरच्या साहेबानं तो वाचून कडेला एकच शब्द टाकला, 'व्हर्बोज', आणि अहवाल परत पाठवला. आप्पांना वाटलं शाबासकी. त्यांनी दोन दिवस सगळ्या कचेरीला चहा पाजला. तिसऱ्या दिवशी कोणाकडून तरी कोश मिळाला आणि कळलं की साहेबाला 'फापटपसारा' म्हणायचं होतं. दुसरा कोणी असता तर त्याला राग आला असता. आप्पा हरखले. चार पानं एका शब्दात आडवी करता येतात, असं हत्यार जगात आहे आणि आपल्याला ते शाळेत कोणी दाखवलंही नाही!

शाळेत दाखवणार तरी कसं? त्यांच्या पिढीला एबीसीडी भेटली ती पाचवीत. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना; तोवर आप्पांची मुलंही पहिली ओलांडून गेली होती. पहिली ते चौथी ही चार वर्षांची थकबाकी आप्पा आजतागायत वसूल करताहेत.

त्यासाठी लागणारी आयुधं त्यांनी पुण्याहून आणली. आप्पा बळवंत चौक हा आपल्याच नावाचा आहे, हा त्यांचा आवडता विनोद, आणि तो चौकातल्या प्रत्येक पुस्तकवाल्यानं ऐकलेला आहे. तिथं त्यांना नॉर्मन लुइसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' मिळालं. पुस्तक १९४९ सालचं, अमेरिकेतलं. आपल्याकडे स्पर्धा परीक्षांच्या पोरांनी ते अजून जिवंत ठेवलंय. त्यात शत्रूंचा अपमान कसा करावा यावर एक अख्खं प्रकरण आहे आणि मित्रांची स्तुती कशी करावी यावर दुसरं. आप्पांच्या प्रतीत पहिल्या प्रकरणाची पानं सुटून हातात येतात. दुसऱ्याची अजून करकरीत आहेत.

मध्यंतरी कोणा मास्तरांनी त्यांना मोल्सवर्थसाहेबाची गोष्ट सांगितली. या इंग्रजानं १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापला आणि १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत तो साठेक हजार शब्दांवर नेला. तेव्हापासून आप्पा या सगळ्याकडे हिशेबाच्या नजरेनं बघतात. "त्यांनी आपले साठ हजार नेले. माझे आत्ता कुठं अकराशे झालेत," असं ते म्हणतात, आणि म्हणताना आवाजात सावकाराच्या दारातून परतलेल्या माणसाची चिकाटी असते.

उच्चारांचा मामला जरा नाजूक आहे. आप्पांचे सगळे शब्द डोळ्यांनी मिळवलेले, कानांनी एकही नाही. त्यामुळे 'सटल'ला ते 'सबटल' म्हणतात आणि 'कर्नल'ला 'कोलोनेल'. नात इंग्रजी शाळेत जाते. तिनं एकदा सांगितलं, "आप्पा, सटलमधला बी सायलेंट असतो." आप्पांनी चष्म्यावरून बघितलं. "छापलाय ना? पुस्तकाचे पैसे घेताना बी कमी केला का त्यांनी? मग म्हणताना मी का सोडू?" शेतकऱ्याचं तत्त्वज्ञान आहे. याला व्याकरणात उत्तर नाही.

आता रात्रीच्या पाळीकडे वळू, कारण आप्पांचा खरा अभ्यास तिथं होतो. शेतीची थ्री-फेज लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते, आणि ज्या रात्री कांद्याला पाणी धरायचं त्याच रात्री शेजारच्या उसात बिबट्याचा मुक्काम असतो. वनखातं सांगतं, एकट्यानं जाऊ नका, हातात बॅटरी-काठी ठेवा, मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावा. आप्पा गाणी लावत नाहीत. ते उजळणी करतात. रात्री दोनच्या सुमाराला कुकडीच्या काठाकाठानं आवाज घुमतो, "इन्ट्रान्सिजंट! इन्कॉरिजिबल! इन्डिफॅटिगेबल!" अंगणात झोपलेली माणसं कूस बदलून म्हणतात, आप्पांचा तिसरा वाफा भरला वाटतं. कारण वाफा आणि आद्याक्षर यांचा मेळ ठरलेला आहे. 'ए'पासून सुरुवात होते आणि 'आय'चे शब्द लागले की बारं मोडायची वेळ होते. एकदा आप्पा 'एम'पर्यंत गेले, तेव्हा वावरात तळं साचलं होतं.

बिबट्या आप्पांच्या बांधाला आजवर फिरकलेला नाही. शेजाऱ्याच्या गोठ्यातून मात्र दोन शेळ्या गेल्या. आप्पांच्या मते ही शब्दांची जरब. शेजाऱ्याच्या मते आप्पा जनावराला हुसकावून त्याच्याकडे पिटाळतात. प्रकरण बरंच तापलं, पारावर बैठक झाली. शेवटी तोडगा असा निघाला की आप्पांनी शेजाऱ्याला पाच दणकट शब्द लिहून द्यायचे. त्यानं ते दोन रात्री इमानदारीत ओरडून बघितले. तिसऱ्या रात्री घसा धरून बसला आणि मोबाइलवर तमाशातली लावणी लावली. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाईंच्या मुलखातल्या बिबट्याला इंग्रजीपेक्षा ढोलकी लवकर कळत असली तर त्यात नवल ते काय?

आमच्या भागात माणूस गेला की दहाव्याला प्रवचन होतं आणि त्यानंतर श्रद्धांजलीची भाषणं. नदीच्या घाटावर ऊन चढत असतं, पिंडाला कावळा शिवायचा राहिलेला असतो आणि माइकपाशी पुढाऱ्यांची रांग संपता संपत नाही. आप्पांना इथं मान आहे, कारण ते थोडक्यात बोलतात. शिवाय त्यांचा एक गुण असा की ते खोटं बोलत नाहीत. गावातले एक मोठे बागायतदार गेले. पैशाला इतके घट्ट की त्यांनी कोणाला चहा पाजल्याची गावात आठवण नाही. आधीच्या सगळ्या वक्त्यांनी त्यांना दानशूर करून टाकलं. मग आप्पा उठले. म्हणाले, "दादा अत्यंत पार्सिमोनियस होते. पार्सिमोनियस पुष्कळ बघितले, पण असा माणूस पंचक्रोशीत पुन्हा होणे नाही." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. थोरल्या मुलानं हात जोडले. वर्षश्राद्धाला चौकात फ्लेक्स लागला, त्यावर दादांच्या फोटोखाली सोनेरी अक्षरांत 'एक पार्सिमोनियस व्यक्तिमत्त्व'. पुण्याहून आलेल्या भाच्यानं मोबाइलवर अर्थ शोधला. तो थोडा वेळ फ्लेक्सकडे बघत राहिला, मग आईच्या वाट्याची जमीन आठवून त्यानं मोबाइल खिशात टाकला. फ्लेक्स पावसाळ्यापर्यंत तसाच होता.

अशा श्रद्धांजलीची परंपरा मोठी आहे. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती अनुकूलचंद्र मुखर्जी वारल्यावर त्यांच्या पुतण्यानं १८७३ साली काकांचं इंग्रजी चरित्र छापलं आणि त्यात कोशातला एकही भारी शब्द उपाशी ठेवला नाही. साहेबलोकांनी ते पुस्तक हसण्यासाठी वाचलं आणि 'बाबू इंग्लिश'चा नमुना म्हणून वर्षानुवर्षं एकमेकांना दाखवलं. मला त्या पुतण्याची बाजू घ्यावीशी वाटते. हसणाऱ्या साहेबांपैकी कोणी आपल्या काकावर बंगालीत एक पान लिहून दाखवलं असतं, तर पुढचं बोलता आलं असतं.

प्रत्येक मैदानात आप्पांचं चाललंच असं नाही. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सुप्रीम कोर्टाची बंदी आली, २०२१च्या डिसेंबरात ती उठली आणि २०२३च्या मे महिन्यात घटनापीठानं शर्यतींना पक्की मान्यता दिली. घाट पुन्हा गजबजले. आमच्या यात्रेत निवेदकाचा घसा बसला तेव्हा कमिटीनं भाबडेपणानं आप्पांच्या हातात माइक दिला. गाड्याला चार बैल, पुढं घोडी, आणि बारी अकरा-बारा सेकंदांत खलास. "इंपेच्युअस, इन्डॉमिटेबल आणि अनपॅरलल्ड असा हा गाडा..." एवढं आप्पांनी म्हणेपर्यंत दोन बाऱ्या होऊन गेल्या आणि तिसरी झेंड्यापाशी तयार. पहिल्या गाड्याचं कौतुक दुसऱ्याच्या नावावर गेलं. मालक मंडळी स्टेजवर चढली. आप्पांनी माइक ठेवला आणि वहीत 'बेलिजरंट'समोर चार नावं टिपली.

ग्रामसभेत त्यांची कामगिरी याहून बरी. शशी थरूर हे त्यांचं दैवत. पक्ष कुठलाही असो. २०१८ साली थरूर यांनी आपल्या नव्या पुस्तकाची घोषणा करताना 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' हा २९ अक्षरांचा शब्द वापरला. एखादी गोष्ट कवडीमोलाची ठरवणं, असा त्याचा अर्थ. आप्पांनी तो वहीत दोन ओळींवर मांडला, तिसऱ्या रकान्यात 'ग्रामपंचायत' लिहिलं आणि पुढच्या सभेत वाडीच्या रस्त्याचं पंचायत काय करत आली आहे ते या एका शब्दात सांगितलं. सभेत शांतता पसरली. ग्रामसेवकानं इतिवृत्तात नोंद केली, 'आप्पांनी रस्त्याबाबत इंग्रजीत मत मांडले.' रस्ता अजून कच्चाच आहे.

घरात मात्र सगळा कारभार काकूंच्या मराठीवर चालतो. सातबाऱ्यावर आप्पांच्या नावातला एक काना राहिला होता. आप्पांनी दुरुस्तीसाठी तीन पानी इंग्रजी अर्ज दिला. समोरच्या माणसानं तो आदरानं दोन्ही हातांनी घेतला, 'साहेब आले की बघू' म्हणाला आणि फाइलीत सर्वांत खाली घातला. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. शेवटी काकू बाजाराच्या दिवशी स्वतः गेल्या. "दादा, आमच्या ह्यांच्या नावात काना राह्यलाय, तेवढा टाकून द्या." पुढचे सोपस्कार महिन्याभरात होऊन काना आला. त्यावर काकूंचा अभिप्राय असा, "एक काना मागायला ह्यांनी तीन पानं लिवली." त्या कालव्याच्या साहेबानंतर आप्पांचं इतकं अचूक परीक्षण दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

सूनबाई चाकणच्या एका कंपनीत आहे. घरून काम असलं की ओसरीवर लॅपटॉप उघडून ती परदेशातल्या लोकांशी बोलते, आणि आप्पा आतल्या खोलीत वही उघडून नवीन माल येतो का याची वाट बघतात. 'येस.' 'शुअर.' 'लेट मी चेक.' 'विल डू.' तास गेला तरी वही कोरी. "एवढ्याशा शब्दांवर महिन्याचा पगार देतात?" त्यांना खरंच कळत नाही. एकदा त्यांनी तिला सुचवलं, "'शुअर' काय म्हणतेस सारखं? 'इन्ड्यूबिटेबली' म्हणून बघ." पोरगी गुणाची. तिनं दुसऱ्या दिवशी म्हटलं. पलीकडचा साहेब क्षणभर गप्प झाला आणि मग त्यानं विचारलं, लाइनमध्ये काही बिघाड आहे का?

गावातल्या अभ्यासिकेतली पोरं परीक्षेच्या आधी आप्पांकडे येतात. एमपीएससीच्या इंग्रजीत समानार्थी, विरुद्धार्थी, वन वर्ड सबस्टिट्यूशन असतं, आणि आप्पांना ते तोंडपाठ. पण त्यांना ही परीक्षा पसंत नाही. "चार पर्यायांतून शब्द नुसता ओळखायचा? आणि पुढं?" पुढं काही नसतं, पुढं कटऑफ असतो, हे पोरांना माहीत आहे. ती मान डोलावतात आणि शब्द घेऊन जातात.

हा 'पुढं'चा प्रश्न आप्पांपुरता सुटला तो खोडदला. तिथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, खोडदपासून पंचवीस किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, तिथं शाळकरी पोरांची जत्रा भरते आणि संशोधक मंडळी सगळ्यांना समजावून सांगतात. आप्पा इस्त्रीचे कपडे घालून गेले. एका तरुण संशोधकाला त्यांनी गाठलं आणि रात्रभर घोकलेला प्रश्न टाकला, "व्हॉट इज द अल्टिमेट टेलिऑलॉजी ऑफ धिस कोलोसल पॅराफर्नेलिया?"

पोरगा बंगालचा, बर्धमानकडचा. आधी त्यानं डोळे मोठे केले, मग मोडक्या मराठीत म्हणाला, "आप्पा, आकाशातून रेडिओ लहरी येतात, त्या पकडतो. तारे, आकाशगंगा. दुसरं काही नाही." आप्पांचा चेहरा पडला. एवढ्या मोठ्या तबकड्यांखाली उभं राहून माणसानं असं साधं बोलावं? पण पोरगा हसत होता. चहा घेताना त्यानं सांगितलं की त्याच्या गावी त्याचे जेठू, म्हणजे थोरले काका, अगदी असेच आहेत. ए. टी. देव यांची इंग्रजी-बंगाली डिक्शनरी उशाशी घेऊन झोपतात आणि वर्तमानपत्राच्या संपादकांना पत्रं लिहितात. आप्पांनी चहा बाजूला ठेवून त्या जेठूंचा नंबर घेतला.

तेव्हापासून कुकडीच्या आणि दामोदरच्या काठांवरचे हे दोन म्हातारे व्हॉट्सॲपवर एकमेकांना शब्द पाठवताहेत. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नाही आणि हिंदी दोघांचंही यथातथाच, त्यामुळे तक्रारीला जागाच नाही. भांडणं होतात, पण ती तात्त्विक. नॉर्मन लुइस अमेरिकन असल्यामुळे त्याचं इंग्रजी शुद्ध धरता येणार नाही, असा जेठूंचा दावा. त्यावर आप्पांनी 'पेडँटिक' हा शब्द पाठवला आणि दोन दिवस अबोला झाला. मध्यंतरी जेठू आजारी पडले. त्यांनी कळवलं, 'आय ॲम इन्डिस्पोज्ड.' आप्पांनी उलट लिहिलं, 'आय ॲम डिस्कन्सोलेट.' मग रात्री काकूंकडून मेथीचे लाडू करवून घेतले आणि कुरियरनं बर्धमानला पाठवले. पोचल्याचा निरोप आला तो सात ओळींचा होता आणि त्यात 'लाडू' सोडून एकही शब्द आप्पांच्या ओळखीचा नव्हता. आप्पा दोन दिवस तो निरोप गावाला वाचून दाखवत होते. आता वहीत 'टॅसिटर्न'समोर जेठूंचं नाव आहे. आजारपणात त्यांनी आठवडाभर मेसेज केला नाही, एवढ्या पुराव्यावर.

तेव्हा नारायणगावच्या किंवा मंचरच्या स्टँडवर नेहरू शर्टातल्या एखाद्या गृहस्थानं तुम्हाला "व्हेअर आर यू पेरिग्रिनेटिंग?" असं विचारलं, तर गोंधळू नका. जायच्या गावाचं नाव सांगा आणि हात जोडा. अर्थ मात्र विचारू नका. विचारलात तर पुण्याची गाडी गेली म्हणून समजा.